मालवणात तीन दिवस आणि पहिली बुडी

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला आणि शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी पदरात पडली. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सहा जण मालवणला निघाले. सहांपैकी दोघांनाच पोहता येत होतं, आणि स्कूबा, म्हणजे सिलिंडरच्या हवेवर पाण्याखालची बुडी, कोणीच केलेलं नव्हतं. पहिल्या बुडीला पोहता यावंच लागतं असं नाही. पाण्यात तोंड घालताना ज्याला घाबरायला होत नाही, त्याचं भागतं.

तारखा कॅलेंडरनं ठरवल्या, पण पंचांगही अनुकूल निघालं. शनिवारी माघ शुद्ध षष्ठी, रविवारी रथसप्तमी, सोमवारी अष्टमी. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं आणि अष्टमीच्या आगेमागे भांग. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून पाण्याला ओढ कमी आणि तळातला गाळही कमी उठतो. बुडी मारायला हे दिवस चांगले. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

हंगाम ऑक्टोबर ते मेपर्यंतचा. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जास्त स्वच्छ. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ दोन्ही बंद असतात.

शुक्रवार रात्र

दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस. ती रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. दर जोडसुट्टीला कोणी ना कोणी इथेच चुकतं आणि आदल्या रात्रीच निघून गेलेल्या गाडीचं तिकीट हातात घेऊन फलाटावर उभं राहतं. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर, एसटीनं तासभर. सहा जण असले तर रिक्षापेक्षा मोठी गाडी ठरवलेली स्वस्त पडते.

शनिवार

मुक्काम देवबागला. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी इतकी अरुंद की एका अंगणातून दोन्हीकडचं पाणी दिसतं. हॉटेलपेक्षा घरगुती निवास-न्याहारी विद्यार्थ्यांना परवडते, आणि जेवण घरचं मिळतं. मात्र कोणाला किती मासे आणि कोण शाकाहारी, हे सकाळीच सांगून ठेवावं. मालवणी घरात मासळी बाजार पाहून येते, फ्रीजमधून नाही. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. शाकाहारी दोघांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. सहातल्या एकाला हे पहिला घास चावल्यावर कळलं आणि पुढची पाच मिनिटं त्याची जीभ झिणझिणत होती.

दुपारचं मुख्य काम उद्याची बुडी ठरवण्याचं. जोडसुट्टीत दांडी किनाऱ्यावर आणि मालवण जेटीवर पावलोपावली कोणीतरी दर सांगतं. माणशी पाचशेपासून अडीच-तीन हजारांपर्यंत आकडे ऐकू आले. फरक नुसत्या घासाघीशीचा नाही, वस्तूच वेगळी आहे. स्वस्त प्रकारात बहुतेकदा सिलिंडर बोटीवर असतो आणि लांब नळीतून तोंडाशी हवा येते. नळी जाईल तिथवर जायचं, फोटो काढायचा, वर यायचं. महाग प्रकारात सिलिंडर पाठीवर, अंगात हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, पायात फिन्स आणि माणशी एक मार्गदर्शक. दोन्ही स्कूबा म्हणूनच विकलं जातं. पहिला अनुभव म्हणून नळीचा प्रकार अगदी वाईट नाही, पण पैसे देण्याआधी आपल्याला काय मिळणार आहे हे माहीत असायला हवं.

म्हणून विचारायचे प्रश्न थोडे पण नेमके. सिलिंडर पाठीवर का बोटीवर? एका मार्गदर्शकाकडे किती जण? बुडीआधी उथळ पाण्यात सराव किती वेळ? आजाराचा अर्ज भरून घेता का? शेवटच्या प्रश्नावर जो हसतो, त्याच्याकडे जाऊ नये. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय बुडी नको. साधी सर्दीसुद्धा चालत नाही. सर्दीत नाक आणि कान जोडणारी नळी सुजलेली असते आणि कानाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवता येत नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं आणखी घातक, कारण तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा आत अडकते. सहांपैकी एकाला सर्दी होती. त्यानं बुडी सोडली आणि दुसऱ्या दिवशी वरूनच, तरंगत नळीनं श्वास घेत, स्नॉर्केलिंग केलं. हा निर्णय त्यानं स्वतः घेतला याचं कौतुक आहे.

बोटीवरच्या लाइफ जॅकेटबद्दल वेगळं विचारायची वेळ येऊ नये, पण विचारावं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. जाता-येताना जॅकेट अंगात आणि पट्टे बांधलेले, उकडलं तरी.

संध्याकाळी चिवला किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा ते ओढत आणतात. दोर ओढायला मच्छीमार गाबीतांच्या वाडीतले म्हातारे आणि शाळकरी पोरं एकाच रांगेत होती. सहा विद्यार्थीही लागले. दोर हातानं ओढायचा नसतो, कमरेनं मागे रेलून पावलं टाकत न्यायचा असतो, हे शेजारच्या आजोबांनी न बोलता करून दाखवलं. अर्ध्या तासानं जाळं आलं ते तारली आणि थोड्या बांगड्यांचं. ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. सहांना मूठभर तारली मिळाली आणि रात्री ती तव्यावर आली.

रविवार

मार्गदर्शकानं सकाळी आठची वेळ दिली होती आणि तीच घ्यावी. हिवाळ्यात रात्रभर जमिनीकडून मतलई वारे वाहतात, त्यामुळे सकाळी पाणी तेलासारखं सपाट असतं. अकरानंतर खारे वारे सुटतात, लाटा उठतात, बोट डोलते आणि तळ दिसेनासा होतो. दुपारच्या फेरीत उलट्या होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. न्याहारी निघण्याच्या दोन तास आधी, दोन घावणे आणि चहा एवढीच. अगदी रिकाम्या पोटीही बोट लागते. ज्यांना लागतेच त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. बोट डोलू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नसते.

बोट सिंधुदुर्गाच्या मागच्या बाजूला नांगरली. आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. कपाळावरची एखादी बट कडेखाली आली तरी पाणी शिरतं. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर व्हॅसलिन लावावं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी फिरवून एकदा विसळायची, याहून खात्रीचा उपाय नाही. चेहऱ्याला सनस्क्रीन नको, ओघळून डोळ्यांत जातं. चष्मेवाल्यांसाठी काही जणांकडे नंबरचे मास्क असतात, पण ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. पोहण्याचा साधा गॉगल इथे चालत नाही. खाली जाताना मास्कमधली हवा आकसते आणि ती नाकातून थोडी हवा सोडून भरून काढावी लागते. गॉगलमध्ये नाकच नसतं.

सिलिंडरला सगळे ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण त्यात असते आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं सुमारे २,२०० लिटर हवा मावते. सहा मीटरवर दाब दीडपटीहून जास्त, म्हणून एका श्वासात हवाही तेवढी जास्त जाते. तरी नवख्या माणसाला राखीव ठेवून चाळीसएक मिनिटं पुरेल इतकी हवा असते. बुडी पंधरा-वीस मिनिटांत संपते ती पुढच्या तुकडीसाठी. हवा संपेल ही भीती उतरण्याआधीच मनातून काढून टाकलेली बरी. कमरेला शिशाची वजनं लागतात, कारण माणूस आणि अंगावरचा रबरी वेटसूट दोन्ही तरंगतात. तीन मिलिमीटरच्या सूटला साधारण चार ते सहा किलो.

मग छातीएवढ्या पाण्यात, शिडीला धरून, सराव. पहिली बुडी इथेच साधते किंवा बिघडते. तोंडानं श्वास घेणं सगळ्यांना जमतं, बिघडतं ते सोडण्यात. घाबरलेला माणूस छोटे छोटे श्वास वरच्यावर घेतो, छाती भरलेलीच राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवा तोंडाशी असूनही गुदमरल्यासारखं होतं. दांडीचा मार्गदर्शक पोरगा, वय फार तर चोवीस, प्रत्येकाला एकच सांगत होता, "आत कोणय घेता, भायर सोडूक शिकाक व्हया." चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बुडबुडे सलग आणि सावकाश येऊ लागले की माणूस तयार झाला असं समजावं. सहांतल्या एकाच्या नाकात पाणी गेलं, तो धडपडून वर आला आणि मास्क काढून टाकला. मार्गदर्शकानं त्याला रांगेत शेवटी ठेवलं आणि दहा मिनिटं नुसतं पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायला लावलं. पुढे पाचांत सर्वांत शांत बुडी त्याचीच झाली. घाई करणाऱ्या बोटीवर हीच दहा मिनिटं मिळत नाहीत, आणि जास्तीचे पैसे द्यायचे ते यासाठीच.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर वर यायची गरज नसते. मान थोडी वर करायची, मास्कची वरची कड बोटांनी कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे हवा देणारा तुकडा, निसटलं तर ते पुन्हा तोंडात धरून आधी हवा बाहेर फुंकायची, मग आत घ्यायची. छातीत हवा उरली नसेल तर त्याच्या पुढचं बटण दाबायचं. दोन्ही गोष्टी उथळ पाण्यात दोन-दोनदा करून झाल्याशिवाय खोल जाऊ नये.

खुणा चारच. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल म्हणजे ठीक. पंजा पसरून डोलवला म्हणजे काहीतरी गडबड, आणि लगेच दुखतं तिथे बोट. अंगठा खाली म्हणजे खाली चला. अंगठा वर म्हणजे वर चला, "मस्त" नव्हे. पहिल्या बुडीत आनंदानं अंगठा दाखवणाऱ्याला मार्गदर्शक लगेच वर घेऊन येतो आणि माणसाला कळत नाही काय चुकलं. या तुकडीतही एकाचं तसंच झालं, चौथ्याच मिनिटाला.

खाली उतरताना सगळं लक्ष कानांकडे. पहिल्या तीन मीटरांतच दाब तीस टक्क्यांनी वाढतो, म्हणून त्रास तळाशी होत नाही, सुरुवातीलाच होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात बारीक "टक्" होतं. हे दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकण्यात कानाच्या पडद्याला इजा होते. कान मोकळा होत नसेल तर एक मीटर वर यायचं, आवंढा गिळायचा, पुन्हा प्रयत्न. एका मुलीचा डावा कान तीनदा अडला. चौथ्यांदा तिनं हात डोलवून कानाकडे बोट दाखवलं आणि मार्गदर्शकानं तिला तीन मीटरवरच ठेवलं. खडकाचा माथा तेवढ्यातच होता, तिथे मासेही भरपूर होते.

दुसरा नियम श्वास कधीही रोखून धरायचा नाही. सहा मीटरवर छातीत पाच लिटर हवा भरून ती रोखून कोणी वर आला, तर पृष्ठभागाशी ती आठ लिटर होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. दीड मीटरचं पाणीही त्याला पुरतं. वर येताना आपल्याच सर्वांत बारीक बुडबुड्यांपेक्षा हळू यायचं.

आता खालचं. त्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत दिसत होतं, आणि मालवणच्या मानानं तो चांगला दिवस. अंदमानचं निळं पाणी डोळ्यांपुढे ठेवून कोणी आलं तर हिरमोड होईल. इथलं पाणी हिरवट, त्यात तरंगणारे कण, आणि त्या हिरव्या उजेडातून अचानक समोर उभे राहणारे खडक. त्यांवर मेंदूच्या वळ्यांसारखी आणि तबकासारखी पसरलेली प्रवाळं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या सार्जंट मेजर माशांचा थवा मास्कच्या काचेपर्यंत येतो. फटींतून लांब काळ्या काट्यांचे सागरी अर्चिन. पोपटमासा खडक कुरतडत असेल तर "कट् कट्" ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं येतो आणि दोन्ही कानांना जणू एकदमच पोचतो. सगळं एक-तृतीयांशानं मोठं, आणि आहे त्याहून जवळ दिसतं, म्हणून हात पुढे केला की तो अलीकडेच थांबतो. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो. एकाच्या मनगटातला देवाचा लाल दोरा तळाशी तपकिरी झाला होता आणि वर येताना पुन्हा लाल होत गेला. बोटीवर परतल्यावर सगळे आधी त्याच्याबद्दलच बोलले.

हा सगळा परिसर मालवण सागरी अभयारण्याचा. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि एका फिनच्या फटक्यानं कित्येक वर्षांची वाढ मोडते. उभं राहायचं असेल तर वाळूवर. काही मार्गदर्शक फोटोत मासे गोळा व्हावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकतात. त्यांना आधीच नको म्हणून सांगावं. मासे त्याशिवायही येतात, आणि पाव हे काही खडकावरच्या माशाचं अन्न नव्हे. प्रवाळाचा तुकडा किंवा वाळवलेला समुद्रघोडा आठवण म्हणून घेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो सापडलेला असो वा विकत घेतलेला.

वर आल्यावर सगळे कुडकुडले. पाणी सव्वीस-सत्तावीस अंश असलं तरी ते अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी भराभर ओढून नेतं. टॉवेल आणि कोरडा शर्ट बोटीवर हाताशी हवा. नंतर कान गोड्या पाण्यानं धुवायचे, काडी घालायची नाही. व्हिडिओसाठी कार्ड रीडर बरोबर न्यावा, नाहीतर फोनवरून फोनवर पाठवण्यात दुपार जाते.

पुण्या-कोल्हापूरकडच्यांनी एक हिशोब ठेवावा. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून बुडीनंतर बारा तास विमानप्रवास टाळतात, आणि तोच विचार घाटालाही लागू होतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. उथळ आणि छोट्या बुडीत धोका कमी, तरीही सकाळी बुडी आणि दुपारी घाट असा बेत नको. बुडी मधल्या दिवशी ठेवण्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे रविवारी वारा असला तर सोमवारची सकाळ हाताशी राहते. ज्याला पुढे शिकायचं आहे त्यानं तारकर्लीला एमटीडीसीच्या (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या) स्कूबा संस्थेत चौकशी करावी. या एका बुडीनं प्रमाणपत्र मिळत नाही. ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस आणि समुद्रातल्या चार बुड्या लागतात, आणि मग अठरा मीटरपर्यंत जाता येतं.

रात्री कोंबडी-वडे. दहापर्यंत सगळे झोपले, पाण्यातला थकवा असाच उशिरा अंगात उतरतो.

सोमवार

सकाळी शाळेच्या पोरांची प्रभातफेरी देवबागच्या एकुलत्या रस्त्यावरून गेली आणि सहाही जण अंगणात उभे राहिले. मग मालवण जेटी आणि सिंधुदुर्ग. होडी पंधरा मिनिटांत पोचवते, पण परतीसाठी तासाभराचीच मुदत देते. तट तीनेक किलोमीटरचा आणि आवार ४८ एकरांचं, तेव्हा तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर नंतरच्या होडीनं येऊ असं चढतानाच सांगून ठेवावं. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, त्याची पूजा ज्या ठिकाणी झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या वळणात लपवलेला आहे. आत राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, आणि खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी.

पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे, हे ऐकल्यावर एकीनं कमरेवर हात ठेवला. आदल्या दिवशी तिथे पाच किलो शिसं होतं. तटावरून पश्चिमेला पाहिलं तर कालच्या जागी दोन बोटी नांगरलेल्या आणि शेजारी बुडबुड्यांचे पांढरे ठिपके. तीन मीटरवर थांबलेली मुलगी तिथे बराच वेळ उभी होती.

परतताना बाजारात कोकम आगळ आणि आल्याचा खाजा. आगळाची बाटली प्लॅस्टिकचीच घ्यावी आणि झाकणाला टेप लावावी, गाडीत सांडलं तर कपड्यावरचा डाग जात नाही. कुडाळला संध्याकाळच्या गाडीला ही गर्दी. फलाटावर एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा डब्याच्या दारातून एकानं हाताचा गोल करून विचारलं. खालून दोन गोल आले, एक पंजा डोलला, आणि मग बॅगेकडे बोट. बॅग चहाच्या टपरीपाशी राहिली होती. ती घेऊन शेवटचा आत चढला तेव्हा खालची बाकं भरलेली होती, आणि मधल्या बर्थवरच्यानं त्याला अंगठा वर करून दाखवला.